पिंजऱ्याच्या मागची बाजू

मागील अंकात आम्ही ‘शहरातील प्राणिसंग्रहालय आणि वन्यजीवांचे संवर्धन’ या विषयावर सोलापूर शहर व जिल्ह्यातील वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील निम्म्याहून अधिक पत्रांत कोणते प्राणी पाहायला मिळतील, तिकीट किती, वेळ काय अशी विचारणा होती. त्या पत्रलेखकांची क्षमा मागून ती पत्रे बाजूला ठेवली आहेत. प्रेक्षक जाळीसमोर जे पाहतो त्यापेक्षा पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे रात्रीच्या कोठडीत, चारा-मांसाच्या खोलीत आणि पशुवैद्यकाच्या नोंदवहीत जे घडते, त्याबद्दल विचारणारी पत्रे येथे निवडली आहेत.

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे प्राथमिक शाळेत शिकवते. सहलीत एका मोठ्या शहरातील प्राणिसंग्रहालय पाहताना वाघ जाळीच्या कडेने एकाच वाटेवरून सारखा येरझाऱ्या घालताना दिसला. मुलांनी विचारले, “बाई, तो काय शोधतोय?” मला उत्तर देता आले नाही. तो आजारी असतो का?

उत्तर : मुलांचा प्रश्न अनेक मोठ्या माणसांच्या निरीक्षणापेक्षा अचूक आहे. वाघ खरोखर काहीतरी शोधत असतो, परंतु ते त्या आवारात नसते. रानातील वाघाचे क्षेत्र कित्येक चौरस किलोमीटरचे, तर नराचे पुष्कळदा त्याहूनही मोठे असते. त्या क्षेत्राच्या सीमेवर फिरणे, झाडांवर गंधाच्या खुणा करणे, भक्ष्याचा माग काढणे यातच त्याचा बराचसा जागता वेळ जातो. बंदिवासात मांस आयते मिळते आणि सीमा वीस पावलांत संपते, पण चालण्याची प्रेरणा मात्र संपत नाही. २००३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अनेक मांसभक्षक जातींची तुलना केली, तेव्हा रानात ज्या जातींचे क्षेत्र मोठे असते त्याच जाती बंदिवासात अधिक येरझाऱ्या घालतात असे दिसून आले. तेव्हा हा नेहमीच्या अर्थाने आजार नव्हे, परंतु प्राणी सुखात असल्याचेही लक्षण नव्हे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. संध्याकाळी कोठडीचे दार उघडण्याच्या सुमारास किंवा खाण्याची वेळ जवळ आल्यावर वाघ दाराजवळ घुटमळतो, ते पुष्कळसे वाट पाहणे असते. आपल्या गोठ्यातली म्हैस धारेच्या वेळी करते तसेच. मात्र भर दुपारी, कोणतेही कारण नसताना, तोच प्राणी त्याच जागी त्याच पद्धतीने मान वळवून तासन्‌तास फिरत असेल, तर व्यवस्थेत काहीतरी उणे आहे असे समजावे.

यावरचा उपाय औषधाच्या बाटलीत नाही. मांस रोज एकाच वेळी, एकाच जागी न टाकता कधी ओंडक्यामागे लपवावे, तर कधी उंचावर टांगावे. नखे घासायला जाड खोड द्यावे. हरणाच्या आवारातील लेंड्या किंवा थोडी दालचिनी आवाराच्या कोपऱ्यात टाकली, तर वाघ अर्धा तास त्या वासाभोवती गुंतून राहतो. लोकांच्या नजरेआड जाण्यासाठी झुडपांचा आडोसा असणे तर अत्यावश्यकच आहे. दुर्दैवाने प्रेक्षकाला नेमके हेच आवडत नाही, कारण आडोसा केला की “वाघ दिसलाच नाही” अशी तक्रार होते. पुढच्या सहलीत वाघ झुडपामागे निजलेला असेल आणि नुसता कानच दिसत असेल, तर मुलांना सांगावे की येथे त्याची निगा बरी घेतली जात आहे.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. माणसे दुपारी घराबाहेर पडत नाहीत. बंदिस्त प्राण्यांचे काय करतात? (अक्कलकोट रस्त्यावरील एक यंत्रमागधारक)

उत्तर : आपल्या भागाच्या उन्हाळ्यात एक सोय दडलेली आहे: तो कोरडा असतो. हवा कोरडी असल्यामुळे ओल्या गोणपाटाचे पडदे, वाळ्याच्या ताट्या, कूलर आणि तुषार हे साधे, स्वस्त उपाय येथे चांगले चालतात. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर निव्वळ चिकचिक वाढवतो. मात्र मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे ढग दाटू लागले की हीच युक्ती आपल्याकडेही फसते. मग पाणी मारणे कमी करून वारा खेळता ठेवावा लागतो. हा बदल कधी करायचा हे तापमापकापेक्षा प्राण्याच्या धापेवरून रोज निगा राखणाऱ्या किपरला आधी कळते.

प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी असते. वाघ मांजरकुळातला असूनही पाण्यात बसतो, म्हणून त्याला उथळ हौद हवा. अस्वलाला कलिंगडाच्या फोडी किंवा बर्फात गोठवलेली फळे दिली की अंगही गार होते आणि त्याचे डोकेही कामात राहते. पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडून, गळ्याची कातडी हलवून उष्णता बाहेर टाकतात, त्यामुळे चोच वासून बसलेल्या मोराचे पाणी आणि सावली तत्काळ पाहावी लागते. मगर तोंड उघडून पडलेली दिसली की मात्र घाबरू नये, कारण शरीराचे तापमान आवरण्याची तिची ती सवय आहे. त्यावर “मेलीय का बघ” म्हणत खडे मारणारे महाभाग प्रत्येक गर्दीत असतात. त्यांचा समाचार पुढील एका उत्तरात घेतला आहे.

प्रश्न : वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात हे खरे आहे का? हा पैसे वाचवण्याचा प्रकार तर नव्हे?

उत्तर : खरे आहे, आणि पैसे वाचवण्याचा प्रकार नव्हे. रानातील वाघाला रोज शिकार साधत नाही. साधली की तो भरपूर खातो आणि मग दोन-तीन दिवस काही मिळाले नाही तरी त्याचे चालते. त्याचे पोट त्या चढउतारासाठीच घडलेले आहे. बंदिवासातील प्रौढ वाघाला दिवसाला साधारण ८ ते १० किलो मांस दिले जाते आणि हालचाल कमी असल्याने त्याच्या अंगावर चरबी चढते, म्हणून आठवड्यातून एक दिवस पोटाला विसावा देतात.

खरी काळजी भुकेची नसून हाडाची असते. नुसते लुसलुशीत, बिनहाडाचे मांस पिल्लांना दिले तर त्यांना स्फुरद (फॉस्फरस) मुबलक आणि चुना (कॅल्शियम) अत्यल्प मिळतो, त्यामुळे हाडे मऊ पडून वाकतात. दिसायला गुबगुबीत असलेले पिल्लू एक दिवस उडी मारते आणि पाय मोडून घेते. म्हणून हाडासकट मांस, अधूनमधून काळीज आणि आवश्यक तेथे खनिजांची पूड द्यावी लागते.

तृणभक्षकांच्या बाबतीत सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको, कारण कडबा काय असतो हे आपल्याला ठाऊक आहे. हरणांना कडब्याची कुट्टी, हिरवा चारा आणि भुसा चालतो. मात्र पावसाने ओढ दिल्यावर सुकलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर दगावते हे जसे शेतकरी जाणतो, तसे चाऱ्याची गाडी उतरवून घेणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते. त्या फुटव्यांतून पोटात सायनाईड तयार होते आणि उपचाराला काही मिनिटांचाच अवधी मिळतो. यामुळे चारा तपासून घेणारा माणूस मला पिंजऱ्याच्या रंगरंगोटीपेक्षा नेहमीच मोलाचा वाटत आला आहे.

प्रश्न : आम्ही माकडांना केळी आणि हरणांना बिस्किटे देतो. भूतदया म्हणून खाऊ घालणे हा गुन्हा कसा? (बाळे येथील ज्येष्ठ नागरिक)

उत्तर : काका, आपला हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. तरीही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे, त्रास देणे, इजा करणे आणि खाऊ घालणे या सर्वांना मनाई आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मगरीला खडा मारणारा आणि हरणाला बिस्किट देणारा असे दोघेही एकाच कलमाखाली येतात, हे आपल्याला खटकेल.

कारण मात्र साधे आहे. हरीण रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातील सूक्ष्मजीव गवत पचवण्यासाठी असतात. रविवारी दोनशे माणसांनी प्रत्येकी दोन बिस्किटे दिली तर मैदा आणि साखर यांमुळे त्या पोटात आम्लता वाढते आणि सोमवारी जनावर मान टाकून बसलेले आढळते. बिस्किटाबरोबर पुडाही आत जातो तो वेगळाच. मेलेल्या हरणाच्या पोटातून प्लॅस्टिकचा गोळा काढण्याची वेळ ज्या पशुवैद्यकावर येते, त्याला भूतदया या शब्दाची थोडी धास्तीच वाटू लागते. याखेरीज माकडे आणि माणूस यांचे आजार एकमेकांना लागतात, क्षयरोग त्यांपैकी एक. उष्टे केळे हे दोन्हीकडून धोक्याचे आहे.

प्रश्न : प्राणी मेल्यावर कातडी, नखे यांचे काय करतात?

उत्तर : प्रत्येक मृत्यूनंतर शवविच्छेदन करून कारणाची नोंद ठेवावी लागते. वाघ, सिंह, बिबट्या यांचे शव वरिष्ठ अधिकाऱ्याच्या उपस्थितीत जाळले जाते, जेणेकरून कातडी किंवा नखे बाजारात जाण्याची वाट राहू नये.

प्रश्न : रब्बीची ज्वारी काढताना आमच्या शेतात काळविटाचे पाडस सापडले. आई जवळपास नव्हती. घरी आणून बाटलीने दूध पाजले. आता ते प्राणिसंग्रहालयाला द्यायचे आहे, तर कोणाला भेटावे? (मोहोळ तालुका)

उत्तर : सर्वप्रथम, प्राणिसंग्रहालयाला भेटू नये, वन विभागाला कळवावे. राज्याच्या वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. रानातून सापडलेला संरक्षित प्राणी ही सरकारची मालमत्ता असते. तो घरी ठेवता येत नाही आणि प्राणिसंग्रहालयालाही तो परस्पर दारात स्वीकारता येत नाही. असा प्राणी घेणे, देणे किंवा अदलाबदल करणे यासाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी लागते. हे प्राधिकरण १९९२ साली स्थापन झाले आणि प्राणिसंग्रहालयांना मान्यता देणे किंवा ती काढून घेणे हे त्याच्याच हाती असते.

आता जे घडले त्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच घडते. ते पाडस अनाथ नव्हते. काळविटाची मादी पिल्लाला गवतात किंवा उभ्या पिकात दडवून दूर चरायला जाते आणि दिवसातून मोजक्या वेळा येऊन पाजून जाते, जेणेकरून तिच्या वावरण्यावरून लांडग्याला पिल्लाचा ठाव लागू नये. पिल्लूही हाक मारत नाही, हलत नाही. आपण त्याला “बिचारे एकटे” समजतो, पण त्या वेळी मादी बांधापलीकडून आपल्या जाण्याची वाट पाहत उभी असते. अशा वेळी त्या जागेभोवतीचा पट्टा तेवढा न कापता सोडावा, कुत्री बांधून ठेवावीत आणि संध्याकाळपर्यंत तिकडे फिरकू नये. बहुतेक वेळा मादी येऊन पिल्लाला हलवते.

गाईच्या दुधाने अशा पिल्लांना हगवण लागते. त्यातूनही वाचले तर ते माणसाळते, आणि येथेच खरी अडचण सुरू होते. माणसाळलेला नर दोन-तीन वर्षांनी शिंगे फुटून वयात आला की माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगावर घेतो. त्याला कळपात सोडता येत नाही, अंगणात ठेवता येत नाही, आणि मग उरते फक्त जाळी. शहरांतील प्राणिसंग्रहालयांत आणि वन विभागाच्या निवारा केंद्रांत अशा ‘वाचवलेल्या’ प्राण्यांची गर्दी झालेली असते. दया दाखवून आपण त्याला जन्मठेप देतो, असे म्हटले तर ते आपल्याला कठोर वाटेल, पण मला दुसरा शब्द सुचत नाही.

एक सूचना सर्वांसाठी: विहिरीत पडलेल्या किंवा वस्तीत शिरलेल्या काळविटाचा पाठलाग करू नये. भीतीने आणि धावपळीने त्याच्या स्नायूंची इतकी हानी होते की पकडल्यावर धडधाकट दिसणारे जनावर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत मरते. डोळ्यांवर कापड टाकावे, आवाज बंद करावेत आणि वन विभागाची माणसे येईपर्यंत गर्दी हटवावी. गर्दी हटवणे हेच त्यातले सर्वांत अवघड काम असते.

प्रश्न : पांढरा वाघ आणला तर शहरात पर्यटक वाढतील. त्यासाठी प्रयत्न का होत नाहीत?

उत्तर : पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. एका जनुकातील बदलामुळे पिवळा रंग तयार होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९५१ साली रेवा संस्थानाच्या महाराजांनी ‘मोहन’ नावाचे पांढरे पिल्लू पकडले आणि पुढे त्याचा त्याच्याच मुलीशी संकर करून पांढरी पिल्ले मिळवली. नंतरच्या पिढ्यांतही नात्यातल्या नात्यात संकर होत राहिले. तिरळे डोळे, वाकडा कणा, कमकुवत पिल्ले ही त्याची किंमत. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना असे प्रजनन करण्यास मनाई केली. संवर्धनाच्या दृष्टीने पांढऱ्या वाघाचे मोल शून्य आहे. पर्यटकच हवे असतील तर आपल्या माळावरचा लांडगा मोठ्या, गवताळ आवारात दाखवावा. पुण्याहून आणि मुंबईहून लोक लांडगे पाहायला आपल्या जिल्ह्यात येतात, आणि आपण मात्र पांढऱ्या वाघाची स्वप्ने पाहतो.

प्रश्न : माळढोक आता दिसेनासा झाला आहे. सोलापुरात प्राणिसंग्रहालय आहे, नान्नजचे अभयारण्य आहे, मग येथेच पिंजऱ्यात पैदास करून पक्षी का सोडत नाहीत? (उत्तर सोलापूर तालुक्यातील शेतकरी)

उत्तर : या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे. बंदिवासातील पैदास खरोखर होऊ शकते, आणि ती देशात होतही आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ सम येथे आणि नंतर रामदेवरा येथे भारतीय वन्यजीव संस्थेने अशी केंद्रे चालवली आहेत. २०१९ पासून रानातून काळजीपूर्वक अंडी गोळा करून ती यंत्रात उबवली गेली, ती पिल्ले वाढून वयात आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ही मोठी झेप आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, म्हणून एकेका अंड्याला किती किंमत आहे ते आपल्या लक्षात येईल.

हे काम शहरातील प्राणिसंग्रहालयात होण्यासारखे नाही. माळढोक अतिशय बुजरा आहे. बँडबाजा, फटाके, रविवारची गर्दी त्याला सोसत नाही. नराचे वजन १५ किलोपर्यंत जाते, आणि घाबरून जाळीवर आदळला तर तो स्वतःलाच जायबंदी करतो. पिल्ले वाढवणाऱ्यांचा इतर पक्ष्यांशी संपर्क नसावा लागतो, नाहीतर कोंबड्यांचे रोग आत येतात. शिवाय अंडी आणायची कोठून? नान्नजला अलीकडे एखाद-दुसरा पक्षी दिसला तरी त्याची बातमी होते.

परंतु ही सर्व अडचण दूर झाली असे समजू. उद्या राजस्थानातून दहा तरुण पक्षी आले, तर त्यांना सोडायचे कोठे? नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि माळढोक हा पक्षी नसून सातबाऱ्यावरचा बोजा आहे अशी भावना शेतकऱ्यांत रुजली. पुढे हे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. दरम्यान पाणी आले, ऊस आला आणि माळ नांगरला गेला. यात शेतकऱ्याला दोष देणे मला मान्य नाही, कारण ज्याला आपण सरकारी भाषेत ‘पडीक’ म्हणत आलो ती जमीन त्याने कसली, एवढेच झाले. उरलेल्या माळावर हरित उपक्रमाच्या नावाखाली झाडे लावली गेली, तीही माळढोकाच्या मुळावर आली. या पक्ष्याला दूरवरचे दिसणारे खुरटे गवत लागते. झाडांची रांग म्हणजे त्याच्यासाठी शत्रू दडण्याची जागा.

त्यात विजेच्या तारा आहेत. माळढोकाचे डोळे बाजूला असल्याने त्याला समोरचे फार थोडे दिसते, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. हा प्रश्न २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, तोही मुख्यतः राजस्थान आणि गुजरातमधील तारांपुरता.

तेव्हा क्रम उलटा आहे. आधी दोन-चार मोठे, सलग, न नांगरलेले गवताचे पट्टे राखावे लागतील, त्यावर विणीच्या काळात चराई थांबवून धनगरांना त्याचा रोख मोबदला द्यावा लागेल, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करावा लागेल आणि मगच पक्ष्यांचा विचार करता येईल. तोपर्यंत त्याच माळावर काळवीट, लांडगा, खोकड, धाविक पक्षी हे सगळे आजही जगत आहेत आणि त्यांच्यासाठी कोणत्याही प्रजनन केंद्राची गरज नाही. शहरातील प्राणिसंग्रहालयाने या कामात भाग घ्यायचा असेल तर जखमी लांडगा किंवा तारेला धडकलेला गिधाड-गरुडासारखा पक्षी बरा करून परत सोडण्याची सोय आणि शाळांच्या मुलांना नान्नजच्या गवतापर्यंत नेण्याची गाडी, या दोन गोष्टी पुष्कळ आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला प्राणिसंग्रहालयात डॉक्टर व्हायचे आहे. बारावीनंतर काय करावे? (होटगी रस्ता)

उत्तर : बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झाल्यावर ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. राज्यातील महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून आपल्याला उदगीर, परभणी आणि शिरवळ ही त्यातल्या त्यात जवळची आहेत. पदवीत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांवरच भर असतो. वन्यप्राण्यांचे शिक्षण त्यानंतर पदव्युत्तर अभ्यासातून आणि प्रत्यक्ष कामातून मिळते. त्याबद्दल तिने खट्टू होऊ नये, कारण ज्याला म्हशीचे पोट समजले त्याला गव्याचे समजायला वेळ लागत नाही.

प्रवेशापूर्वी तिला एक महिना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळी नियमाने पाठवावे. वन्यप्राणी आपले दुखणे लपवतो, म्हणून प्राणिसंग्रहालयातील डॉक्टरचा दिवस सकाळी कोठड्यांतील विष्ठा पाहण्यापासून सुरू होतो: ती किती आहे, पातळ की घट्ट, रक्त आहे का, जंत आहेत का. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि त्यानंतरच डॉक्टर वाघाकडे पाहतो. महिनाभर शेण-मूत तपासूनही तिचा विचार कायम राहिला, तर अर्ज भरून टाकावा.